फर्मवेअर म्हणतं पिन नाही, बोर्डावर ती आहे. ड्रायव्हरने कुणाचं ऐकायचं?

रात्रपाळी

चार दिवस एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या लॅपटॉपमध्ये चार स्पीकर आहेत. दोन कीबोर्डच्या बाजूला वर, दोन खाली तळाशी. विंडोजमध्ये चारही वाजतात. लिनक्समध्ये फक्त वरचे दोन. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आधी वाटलं खालचे स्पीकर बिघडले असतील. मागचं झाकण काढून पाहिलं, तर दोन्ही जोड्यांच्या तारा नीट बोर्डावर गेलेल्या आहेत, कनेक्टर घट्ट आहेत.

मग प्रॉक-मधली (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपली माहिती जिथे दाखवतं तिथली) अल्साची, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेची, कोडेक फाइल उघडली. कोडेक (आवाजाची चिप) रीअलटेकचा आहे. पूर्ण यादी सोबत जोडली आहे, त्यातल्या कामाच्या दोन ओळी:

नोड १४, पिन डिफॉल्ट ९०१७०११०, फिक्स्ड, स्पीकर
नोड १७, पिन डिफॉल्ट ४१११११एफ०, एन/ए

(नोड म्हणजे कोडेकमधला एक घटक, इथे पिन. नोडचे आणि पिनचे सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आहेत; त्यात ए ते एफ म्हणजे १० ते १५.)

नोड १७ वर काहीही जोडलेलं नाही असं फर्मवेअर (निर्मात्याने बोर्डावर भरलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बायोस) सांगतंय. माझ्या डोळ्यांसमोर तार आहे. दोन प्रश्न आहेत. ड्रायव्हरला, म्हणजे कर्नलमधल्या चिप चालवणाऱ्या कोडला, हे कसं पटवायचं? आणि ड्रायव्हरने फर्मवेअरचं म्हणणं असं बाजूला सारणं बरोबर आहे का?

तारसप्तक

छान माहिती दिलीत, झाकण काढून पाहिलंत हे तर फारच उत्तम. ऐंशी टक्के लोक ती पायरी टाळतात आणि मग आठवडाभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

आधी हा आकडा वाचायला शिकू. ड्रायव्हर आणि कोडेक यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक, एचडी ऑडिओ, इंटेलने २००४ साली आणलं. त्यात प्रत्येक पिनसाठी ३२ बिटांचं एक रजिस्टर (चिपमधली नोंदीची जागा) ठरवलेलं आहे. कोडेकच्या चिपला स्वतःला कळत नाही की तिच्या कुठल्या पायाला काय जोडलंय. तीच चिप शंभर वेगवेगळ्या बोर्डांवर बसते. म्हणून मशीन सुरू होताना फर्मवेअरने ही रजिस्टरं भरायची आणि ड्रायव्हरने ती वाचून आपली मांडणी करायची, अशी वाटणी आहे.

सगळ्यात वरचे दोन बिट जोडणी सांगतात. ०० म्हणजे बाहेर जॅक आहे. ०१ म्हणजे काहीच नाही. १० म्हणजे आत कायमचं जोडलेलं उपकरण. ११ म्हणजे दोन्ही. त्यानंतर सहा बिट जागेचे, मग चार बिट उपकरणाच्या प्रकाराचे (० लाइन आउट, १ स्पीकर, २ हेडफोन, ए म्हणजे माइक), मग कनेक्टरचा प्रकार, रंग, इतर खुणा, आणि शेवटी गट आणि गटातला क्रम.

आता तुमचा ९०१७०११० घ्या. पहिला अंक ९, म्हणजे १००१. वरचे दोन बिट १०, म्हणजे आत जोडलेलं. तिसरा अंक १, स्पीकर. शेवटचे दोन अंक १ आणि ०, गट १ मधला पहिला. सगळं जुळतं.

४१११११एफ० चा पहिला अंक ४, म्हणजे ०१००. वरचे दोन बिट ०१, काहीच जोडलेलं नाही. पुढचे आकडे वाचलेत तर ‘मागच्या बाजूचा काळा साडेतीन मिलिमीटरचा स्पीकर जॅक’ असं काहीतरी निघतं, पण त्याला अर्थ नाही. न वापरलेल्या पिनमध्ये हीच किंमत भरून ठेवायचा प्रघात आहे. तुमच्या फर्मवेअरमध्ये या पिनचं टेबल (तक्ता) भरणाऱ्याने नोड १७ ची ओळ भरलीच नाही, एवढाच याचा अर्थ.

करून बघायचं असेल तर दोन रस्ते. अल्सा-टूल्समधला एचडीए-जॅक-रीटास्क हा प्रोग्राम, किंवा थेट सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दिसतात ती जागा) त्या कोडेकखाली ‘यूझर पिन कॉन्फिग्ज’ या फाइलीत नोड १७ साठी ९०१७०१११ लिहायचं आणि ‘रीकॉन्फिग’मध्ये १ लिहायचा. ९०१७०१११ मधला शेवटचा १ मुद्दाम आहे. गट तोच, क्रम दुसरा. त्याआधी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ (आवाज हाताळणारे पार्श्वभूमीतले प्रोग्राम) बंद करा, नाहीतर साधन व्यस्त असल्याची चूक येईल. कर्नल रीकॉन्फिगच्या सोयीसह बांधलेलं असलं पाहिजे.

आवाज अगदी खाली आणून मगच वाजवा. अनोळखी आउटपुट पूर्ण जोराने सुरू करू नका. स्पीकर छोटे असतात, फाटतात.

कोरीपाटी

नवीन आहे, चूक असेल तर सांगा. हेडफोन लावला की मशीनला कळतं. मग आतला स्पीकर आहे की नाही हे ड्रायव्हर स्वतःच तपासून का बघत नाही?

तारसप्तक

हेडफोनच्या खोबणीत एक यांत्रिक स्विच असतो, त्याची अवस्था कोडेकला वाचता येते. आतल्या स्पीकरला असा स्विच नसतो. ड्रायव्हरच्या बाजूने बघाल तर तार जोडलेला पाय आणि मोकळा पाय सारखेच. म्हणून तर हे टेबल लागतं, आणि टेबल चुकलं की ड्रायव्हर आंधळा होतो.

रात्रपाळी

वाजले! चारही वाजले. एवढा खोल आवाज या मशीनमधून पहिल्यांदाच ऐकला.

पण नवीन भानगड. व्हॉल्यूम कमी केला की फक्त वरचे स्पीकर कमी होतात. खालचे दोन एकाच पातळीवर गर्जत राहतात. म्यूट केलं तर मात्र चारही बंद होतात.

तारसप्तक

हे अपेक्षितच होतं, मी आधीच सांगायला हवं होतं.

या घराण्यातल्या कोडेकमध्ये नोड १७ ला तीन डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारे भाग) जोडता येतात: ०२, ०३ आणि ०६. ड्रायव्हरने आपल्या हिशोबाने ०६ निवडला असणार, कारण ०२ आणि ०३ दुसऱ्या कामाला लागलेले. ०६ ला आवाज कमी-जास्त करणारा अँप्लिफायरच नाही. म्हणून म्यूट चालतं, पातळी चालत नाही.

उपाय असा, की नोड १७ च्या जोडणीच्या यादीत फक्त ०२ आहे असं ड्रायव्हरला सांगायचं. मग दोन्ही जोड्या एकाच डॅकवरून वाजतात आणि एकच स्लायडर दोघांना पुरतो. कर्नलमध्ये अशी दुरुस्ती अनेक मॉडेलांसाठी आधीच आहे, नवीन काही लिहायची गरज नाही, तिची साखळी जोडली की झालं.

नुसती पिन दुरुस्त केली आणि हात झटकले असं करू नका हे यासाठीच म्हणतो. निर्मात्याच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये मॉडेलनिहाय जुळवणी वेगळी ठेवलेली असू शकते. तिथे टेबल चुकीचं असूनही सगळं वाजतं, त्यामुळे कारखान्यात कुणाला शंकाच येत नाही.

ज्यांना पिन सुरू करूनही आवाज येत नाही त्यांच्यासाठी: हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्पीकरच्या आधी आयटूसीवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) बसलेले वेगळे स्मार्ट अँप्लिफायर असतात. तो रोग वेगळा, त्याला पिनचं टेबल बदलून उतार पडत नाही.

खाचखळगा

सगळं वाचलं. रात्रपाळी, तुमचं अभिनंदन. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायलाच हवं, कारण मी त्याची झळ सोसली आहे.

माझं मशीन व्यवस्थित चालत होतं. एका कर्नल अपडेटनंतर पुढचा हेडफोन मुका झाला. सिनेमा बघायचा नव्हता मला, मी त्यावर रोज ध्वनिमुद्रणं तपासतो. दोन दिवसांचं काम बुडालं. शेवटी बायसेक्ट करत (मधले बदल अर्धे-अर्धे करून तपासत) गेलो तेव्हा सापडलं: कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलसाठी दुरुस्ती टाकली होती आणि ती पीसीआय सबसिस्टिम आयडीवर (निर्मात्याने उपकरणाला दिलेल्या ओळखक्रमांकावर) जुळत होती. निर्मात्याने तोच आयडी माझ्या मॉडेललाही दिलेला. त्यांची पिन सुधारली, माझी बिघडली. माझं फर्मवेअर तर खरं बोलत होतं.

त्यामुळे ‘फर्मवेअर चुकतं, ड्रायव्हरने सांभाळून घ्यावं’ हे एवढं सरळ नाही. आधी निर्मात्याकडे तक्रार करा, बायोस सुधारून घ्या. रोग जिथे आहे तिथेच औषध द्या.

तारसप्तक

तुमचा राग रास्त आहे. निर्मात्याकडे तक्रार करायलाच हवी यावरही वाद नाही. पण बायोसची नवीन आवृत्ती निघाली तरी ती किती लोक बसवतात? आणि दोन-तीन वर्षांनी त्या मॉडेलसाठी नवीन आवृत्त्या निघणंच थांबतं. मशीन मात्र पुढे कितीतरी वर्षं वापरात राहतं. त्या माणसाला मुका स्पीकर घेऊन बसा असं मी सांगू शकत नाही.

तुमच्या बाबतीत चूक दुरुस्ती करण्याची नव्हती, ओळख पटवण्याची होती. मशीनची ओळख पटवून थांबू नये. फर्मवेअरने केलेली *चूक* ओळखावी.

एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी एक वेगळा तक्ता आहे. त्यात कोडेक, निर्माता आणि फर्मवेअरने भरलेल्या पिनच्या किमती अशी तिन्ही अंगं जुळली तरच दुरुस्ती लागू होते. याचा मला सगळ्यात आवडणारा गुण असा: उद्या बायोस सुधारलं आणि नोड १७ ची खरी किंमत भरली गेली, तर किमती जुळत नाहीत आणि दुरुस्ती आपोआप गळून पडते. खरं बोलणाऱ्या फर्मवेअरला ती हात लावत नाही.

ऐरण

मी आवाजातला माणूस नाही, जीपीआयओमधला (चिपच्या सर्वसाधारण वापराच्या पिनांमधला) आहे. पण दुखणं तेच, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

एका टॅब्लेटच्या टच पॅनेलवर काम करत होतो. सुरू केल्यावर कधी चालायचं, कधी नाही. चाललं तरी दहा-पंधरा मिनिटांनी मरायचं. प्रॉक-इंटरप्ट्समध्ये (इंटरप्ट म्हणजे उपकरणाने कर्नलला मारलेली हाक, तिथे त्या मोजल्या जातात) त्या ओळीचा आकडा एका जागी थिजलेला. बोट कितीही फिरवा, हलत नाही.

एसीपीआयची टेबलं (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देतं ती) काढली, आयएएसएल या साधनाने वाचता येतील अशी उलगडली. टच पॅनेलच्या सीआरएसमध्ये (त्याला लागणाऱ्या साधनांच्या यादीत) जीपीआयओ-इंट, म्हणजे इंटरप्टची पिन, लिहिलेला: एज (पातळी बदलते त्या क्षणीच हाक), अॅक्टिव्ह लो (रेषा खाली म्हणजे हाक). मग तारेवर लॉजिक अॅनालायझर (सिग्नल दाखवणारं यंत्र) लावला आणि पॅनेल मेल्यावरची अवस्था बघितली. रेषा खाली बसलेली. सपाट. वर यायचं नावच नाही.

त्या चिपची रीत अशी, की माहिती तयार झाली की ती रेषा खाली ओढते आणि माहिती वाचली जाईपर्यंत खालीच धरून ठेवते. याला लेव्हल पाहिजे, म्हणजे रेषा खाली आहे तोवर हाक चालू. फर्मवेअरने एज सांगितल्यामुळे कर्नल उतरत्या कडेची वाट बघत होतं. ड्रायव्हर सुरू होण्याआधीच बोट लागलेलं असेल, किंवा एखादी कड निसटली, तर रेषा आधीच खाली. खाली असलेली रेषा आणखी खाली कशी उतरणार? चिप म्हणते वाच, कर्नल म्हणतं हाक मार, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. पॅनेलची वीज तोडेपर्यंत.

ड्रायव्हरमध्ये त्या मॉडेलपुरतं लेव्हल-लो मागितलं. मग रात्रभर चाचणी चालवली, सकाळी आकडा वाढतच होता.

यातून माझी पद्धत ठरली आहे, की टेबलावर संशय आला तर आधी तारेला विचारायचं. दुसऱ्या टेबलावरून किंवा दुसऱ्या मॉडेलवरून अंदाज बांधायचा नाही. आणि इंटरप्टच्या पिन वाचून बघायला हरकत नाही, पण *आउटपुट पिन अंदाजाने हलवून बघू नका*. समोरची चिपही तीच रेषा चालवत असेल तर दोघांपैकी एक जळू शकते. स्पीकर फाटण्यापेक्षा ते महाग पडतं.

फर्मवेअरच्या चुकांचे प्रकार किती असतात ते कर्नलमध्येच बघायला मिळतं. दोन उदाहरणं मला विशेष बोलकी वाटतात.

इंटेलचा गॅलिलिओ जेन २ बोर्ड. त्यावरच्या एका आयटूसी जीपीआयओ एक्सपांडरच्या (जादा पिन देणाऱ्या चिपच्या) इंटरप्टची पिन टेबलात कंट्रोलरच्या सापेक्ष द्यायला हवी होती. दिली आहे सबंध प्रणालीतल्या एकूण क्रमांकाने. म्हणजे घर क्रमांक विचारला तर गल्लीतला न सांगता सगळ्या शहरातला मोजून सांगितला. ड्रायव्हरने त्या बोर्डापुरतं ‘हा क्रमांक निरपेक्ष समज’ असं ठरवून घेतलं. तिथले कंट्रोलर ठरलेल्या क्रमांकांपासूनच सुरू होतात म्हणून ते सुरक्षित आहे.

दुसरं मिनिक्स निओ झेड८३-४ हा छोटा पीसी. त्याच्या टेबलात एका मायक्रो-यूएसबी कनेक्टरच्या आयडी पिनचा हँडलर (पिन बदलली की चालवायचा कोड) आहे. तो कनेक्टर त्या मशीनवर नाहीच. सुरू होताना कर्नल तो हँडलर इमानदारीने चालवायचं आणि त्यात एचडीएमआयच्या डीडीसी (मॉनिटर ओळखायच्या) पिन साध्या जीपीआयओ होऊन बसायच्या. एचडीएमआय बंद. म्हणून त्या मशीनवर सुरुवातीचे एज हँडलर चालवायचेच नाहीत अशी दुरुस्ती आहे. वापरणाऱ्याला स्वतःहून तपासायचं असेल तर कर्नलमधल्या जीपीआयओलिब-एसीपीआय या भागाला ‘रन एज इव्हेंट्स ऑन बूट’ हा पर्याय बूट करतानाच देता येतो. ‘इग्नोर वेक’ आणि ‘इग्नोर इंटरप्ट’ हे त्याचेच भाऊ.

तारसप्तक म्हणतात तो नियम इथेही लागू आहे. जीपीआयओ-आयओ या नोंदीत अॅक्टिव्ह लो की हाय हे सांगायला जागाच नाही, ते डीएसडीत (टेबलातल्या उपकरणाच्या जादा गुणधर्मांच्या नोंदीत) लिहावं लागतं. बरेच निर्माते डीएसडी लिहीतच नाहीत. तेव्हा ड्रायव्हर स्वतःचा छोटा तक्ता पुरवतो, अमक्या नावाची पिन म्हणजे सीआरएसमधली अमकी. पण कर्नलमधला जीपीआयओचा सामाईक कोड आधी डीएसडी शोधतो आणि ती नसेल तरच ड्रायव्हरचा तक्ता बघतो. फर्मवेअरने तोंड उघडलं की त्याचं म्हणणं आधी. मला हा क्रम फार योग्य वाटतो.

डीएमआयवर (फर्मवेअरमधल्या मशीनच्या नाव-मॉडेलच्या नोंदींवर) जुळवायची वेळ आली तर एक सावधगिरी. स्वस्त टॅब्लेटांमध्ये उत्पादनाच्या नावाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (निर्मात्याने भरायचं) किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असंच राहिलेलं असतं. तेवढ्यावर जुळवलंत तर अर्ध्या जगाला तुमची दुरुस्ती लागेल. अशा वेळी बायोसची तारीखही जोडून घ्यावी लागते.

कोरीपाटी

ऐरण, टेबलच सुधारून कर्नलला दिलं तर? म्हणजे ड्रायव्हरला हात लावायलाच नको.

ऐरण

देता येतं, तपासण्यासाठी मी तेच करतो. उलगडलेलं टेबल सुधारायचं, त्याचा ओईएम रिव्हिजन (आवृत्तीचा क्रमांक) एकाने वाढवायचा, पुन्हा संकलित करून न दाबलेल्या सीपीआयओमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) इनिटआरडीच्या, म्हणजे बूट होताना कर्नल वापरतं त्या फाइलीच्या, पुढे जोडायचं. रिव्हिजन वाढवायला विसरलात तर कर्नल ते घेत नाही, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (असे बदल रोखणाऱ्या अवस्थेत) असेल तर हा रस्ता बंद. शिवाय हे तुमच्या एका मशीनपुरतं. तेच मॉडेल घेतलेल्या दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

खाचखळगा

पटलं. फक्त एक जोड. दुरुस्ती लागू झाली की लॉगमध्ये ते दिसलंच पाहिजे. ‘फर्मवेअर बग’ ही खूण कर्नलमध्ये त्यासाठीच आहे. ती एक ओळ असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

रात्रपाळी

मग ठरवतो: पिनच्या किमतींवर जुळवणारी नोंद करतो, नोड १७ ला ९०१७०१११, आणि त्याला डॅक ०२ वाली दुरुस्ती जोडतो. पाठवण्याआधी कुणाकडे याच मालिकेतलं मशीन असेल तर कृपया ‘इनिट पिन कॉन्फिग्ज’ (फर्मवेअरने भरलेल्या पिनच्या किमतींची) फाइल इथे डकवा.

कोरीपाटी

माझं त्याच मालिकेतलं आहे, पण खालचं मॉडेल. सगळ्या ओळी तुमच्या पहिल्या यादीशी ताडून बघितल्या. एकूण एक सारख्या आहेत. नोड १७ सुद्धा ४१११११एफ०.

पण माझ्यात दोनच स्पीकर आहेत. तुमच्यासारखं झाकण काढून पाहिलं. खाली कनेक्टरची जागा आहे, कनेक्टर नाही.

तारसप्तक

हे सोनं आहे. धन्यवाद.

म्हणजे एकच टेबल दोन्ही मॉडेलांना वापरलंय. कोरीपाटींच्या मशीनवर ते खरं आहे, रात्रपाळींच्या मशीनवर खोटं. आणि माझा लाडका उपाय इथे तोकडा पडतो. नुसत्या पिन जुळवल्या तर कोरीपाटींना नसलेल्या स्पीकरचं नियंत्रण दिसू लागेल.

दोघांनी कोडेक फाइलीतली ‘सबसिस्टिम आयडी’ची ओळ बघा. पीसीआयची नको, कोडेकची. त्या दोन वेगळ्या असू शकतात.

कोरीपाटी

बघितली. पीसीआयचा आयडी दोघांचा एकच. कोडेकचा शेवटचा अंक वेगळा आहे.

ऐरण

सुटलं म्हणायचं.

रात्रपाळी

आज पॅच (कर्नलच्या कोडमधला बदल) पाठवला. कोडेकच्या सबसिस्टिम आयडीवर जुळतो. दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये आधी नोड १७ ची किंमत वाचतो आणि ती ४१११११एफ० असेल तरच बदलतो. बायोस पुढे सुधारलं तर फर्मवेअरचीच किंमत राहील, डॅकची जोडणी मात्र दोन्ही बाबतीत ०२ वर ठेवली आहे, कारण ती अडचण टेबलाची नाही, चिपची आहे. बदल केला की लॉगमध्ये ओळ पडते, खाचखळगा यांच्यासाठी. पॅचच्या वर्णनात दोन्ही मॉडेलांच्या पिनच्या याद्या दिल्या आहेत. निर्मात्यालाही वेगळं कळवलंय, त्यांचं उत्तर आलं नाही.

तपासलेलं: सुरू करणं, झोपवून उठवणं, हेडफोन लावून काढणं. हेडफोन लावला की चारही स्पीकर गप्प होतात, काढला की चारही परत येतात.

कोरीपाटी, तुमच्या मशीनवर हा पॅच लावून काहीच बदलत नाही ना, एवढं एकदा बघून सांगाल का? नोड १७ ची ओळ आधीची आणि नंतरची, दोन्ही हव्यात.

कोरीपाटी

कर्नल बांधायला लावलंय. पहिल्यांदाच करतोय, झालं की दोन्ही ओळी टाकतो.